कुणीतरी डावा बॅक

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये एका इराकी गृहस्थांचं सलून आहे. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात उंचावर टांगलेला टीव्ही. टीव्हीवर बाराही महिने फुटबॉल. महिन्यातल्या एका रविवारी मी तिथे जातो. केस आता तसे फार उरलेले नाहीत. निम्मं जाणं केसांसाठी आणि निम्मं टीव्हीसाठी, हे घरच्यांनाही ठाऊक आहे. २२ मे २०२२ चा रविवारही असाच. प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस, आणि ब्रेंटफर्डच्या मैदानावर लीड्सचा जीव टांगणीला लागलेला. तिकडे बर्नलीचा जो निकाल लागेल त्याहून सरस निकाल लागला नाही, की गेले खालच्या लीगमध्ये. माझी मान खाली, गळ्याला काळं कापड घट्ट बांधलेलं, मानेवर वस्तऱ्याचा गार स्पर्श, आणि मी बुबुळं वर ताणून आरशातून उलटा टीव्ही बघतोय. ९४ वं मिनिट. गर्दीतून एक डावखुरा फटका जाळ्यात गेला आणि लीड्सचे खेळाडू एकमेकांवर कोसळले. जॅक हॅरिसन. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हा आमचा होता!"

वस्तरा थांबला. "कुणाचा?"

"आमचा. शिकागो फायरचा."

"हो? किती वर्षं?"

वर्षं! मी हिशोब करायला लागलो. "वर्षं नाही. एक दुपार." तो मोठ्यानं हसला, शेजारच्या खुर्चीवरचा पोरगाही हसला. मीही हसलो, कारण वस्तरा त्याच्या हातात होता. मग त्यानं सहज, ब्रशनं मानेवरचे केस झटकता झटकता विचारलं, "मग त्याच्या बदल्यात तुम्हाला कोण मिळालं?"

मला नाव आठवेना. "कुणीतरी डावा बॅक," मी म्हणालो.

घरी येताना ऑग्डन अॅव्हेन्यूच्या सिग्नलला थांबलो असताना नाव आठवलं. ब्रँडन व्हिन्सेंट. तीन हंगाम ज्याला मी डोळ्यांनी बघितला, ज्याच्या नावानं घसा बसेस्तोवर ओरडलो (आणि जवळपास तेवढ्याच वेळा ज्याला शिव्या घातल्या) त्याचं नाव यायला अडीच मैल लागले. जो एका दुपारीपुरता आमचा होता, त्याचं नाव मात्र गोल होण्याआधीच ओठांवर होतं. हे काही फार मोठं पाप नव्हे. पण ते कुसळासारखं बोटात राहिलं.

ती दुपार मला चांगली आठवते, कारण त्या दिवशी भोगी होती. १४ जानेवारी २०१६, गुरुवार. त्या वर्षी संक्रांत १५ ला होती. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा खमंग वास, आणि भारतीय दुकानातून आणलेले ओले हरभरे सोलत बसलेली बायको. मिळतील तेवढ्या भाज्या घालून भोगीची भाजी करायचा तिचा हट्ट असतो. बोरं मिळत नाहीत, पावटा फ्रोजन मिळतो, गाजर मात्र हवं तेवढं. मी लॅपटॉपवर एका खिडकीत ऑफिसची मीटिंग आणि दुसऱ्या खिडकीत बाल्टिमोरहून चाललेला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, लावून बसलो होतो. फायर हा आमच्या शिकागोचा फुटबॉल संघ. २०१५ मध्ये तो अमेरिकेच्या अख्ख्या लीगमध्ये शेवटचा आला होता. सबंध उन्हाळा आम्ही ब्रिजव्ह्यूच्या स्टेडियममध्ये बसून ते शेवटचं येणं घासाघासानं गिळलं होतं. त्याची भरपाई म्हणून आता पहिली निवड आमची. फायरनं नाव पुकारलं: जॅक हॅरिसन, वेक फॉरेस्ट विद्यापीठ. मी मीटिंगमध्ये म्यूटवर होतो म्हणून बरं, नाहीतर माझ्या आरोळीनं प्रोजेक्टच बंद पडला असता.

आणि मग थोड्याच वेळात बातमी आली की फायरनं त्याला न्यूयॉर्क सिटी या संघाला देऊन टाकलंय. बदल्यात न्यूयॉर्कची चौथ्या क्रमांकाची निवड आणि वर काही 'अॅलोकेशन मनी'. चौथ्या क्रमांकावर स्टॅनफर्डचा एक पोरगा घेतला. संध्याकाळी बाजरीची भाकरी मोडताना मुलानं विचारलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि फायरचा लाल शर्ट अंगातून उतरवत नव्हता. "मग आता आपल्याला कोण मिळालं?"

"कुणीतरी डावा बॅक," मी म्हणालो. "खा तू. न खाई भोगी तो सदा रोगी."

म्हणजे सलूनमध्ये दिलेलं उत्तर नवं नव्हतंच. सहा वर्षं ते तसंच शिळं पडून होतं.

ड्राफ्ट हा प्रकार मला अमेरिकेत आल्यावर समजला, आणि अजून पूर्ण समजलाय असं मी म्हणणार नाही. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांची नावं पुकारायची, आणि जो संघ सगळ्यांत खाली त्याला पहिली निवड. पंगतीत शेवटी बसलेल्याला पहिलं ताट. जगाला भांडवलशाही शिकवणारा हा देश खेळात मात्र असा समाजवादी कसा, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. इंग्लंडात शेवटचे तीन सरळ खाली ढकलतात. लीड्सची पोरं त्या रविवारी जीव तोडून खेळली ती त्या भीतीनं. इथे शेवटचं येण्याची शिक्षा काहीच नाही, उलट वर बक्षीस. फायरनं २०१६ मध्ये पुन्हा शेवटचा क्रमांक पटकावला तेव्हा आमच्या रांगेतले एक पोलिश आजोबा म्हणाले होते, की आपल्याला सवय लागली आहे. शिवाय इथले खेळाडू करार करतात तो संघाशी नव्हे, लीगशी. हॅरिसनला तर लीगनं ड्राफ्टच्या आधीच, कॉलेजचा एक हंगाम होताच, 'जनरेशन आदिदास' योजनेत करारबद्ध केलं होतं. सही झालेली होती. त्यानं कुणाच्या घरी नांदायचं एवढंच ठरायचं होतं. आणि ते ठरवायला तो स्वतः सोडून बाकी सगळे हजर.

अॅलोकेशन मनी म्हणजे काय, हे मी मुलाला समजावताना 'व्यापार' खेळातल्या नोटांचा आधार घेतला होता. खरा पैसा, पण फक्त या लीगच्या चार भिंतींत चालणारा. पगाराची मर्यादा थोडी वर ढकलायची, दुसऱ्या संघाकडून एखादा माणूस आणायचा, अशा कामांचा. तो म्हणाला, "म्हणजे आपण मुंबई विकून रोख घेतली?" व्यापारमध्ये मुंबई सगळ्यांत महाग. मी म्हटलं, हो, साधारण तसंच.

मग मी जे केलं ते शहाण्या माणसाचं काम नव्हतं. मी हॅरिसनच्या मागावर राहिलो. एखाद्या ठिकाणाहून आलेला नकार पचत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं तिकडच्या बातम्या काढत राहतो, तसा. जन्म स्टोक-ऑन-ट्रेंटचा, लहानपण मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत. तिथून आईनं चौदाव्या वर्षी त्याला उचलून मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी शाळेत, बर्कशायर स्कूलमध्ये घातलं. युनायटेडची अकादमी सोडायची म्हणजे आपल्याकडे रणजीच्या उंबरठ्यावरून पोरगं शिकायला परगावी पाठवण्यासारखं. पण त्या अकादमीतली किती पोरं पुढे पहिल्या संघात पोचतात, हा हिशोब त्या बाईनं आधी केला होता. मला तिचं कौतुक वाटायचं, आणि तिच्या पोराचा राग यायचा. त्याचा तर काहीच दोष नव्हता. बाल्टिमोरच्या त्या सभागृहात त्याला दोनदा टोपी बदलावी लागली असेल, एवढंच.

न्यूयॉर्कला गेल्यावर सुरुवातीला तो दुखापतीनं बाहेर होता. त्याचा पहिला सामना २१ मे २०१६ ला, यांकी स्टेडियममध्ये. बेसबॉलच्या मैदानावर हिरवळ अंथरून न्यूयॉर्क सिटी फुटबॉल खेळतं, कोपरा अगदी भिंतीला टेकतो, हे ज्यानं बघितलं नसेल त्याला खोटं वाटेल. समोर शेजारचेच रेड बुल्स. दुसऱ्या डावात हा पोरगा बदली म्हणून उतरला आणि न्यूयॉर्क सिटी ०-७ हरलं. घरच्या मैदानावर, पिर्लो आणि व्हिया असे नावाजलेले खेळाडू संघात असलेल्या मंडळींनी सात खाल्ले! मला जो आसुरी आनंद झाला तो लिहायला मला आज लाज वाटते, म्हणून लिहून टाकतो. मी बायकोला चहा करून दिला. तिनं विचारलं, "काय झालं?" आता लक्षात येतं की सलूनमधला तो गोल बरोबर सहा वर्षं आणि एका दिवसानंतरचा. ०-७ मध्ये पदार्पण केलेला तोच पाय.

पुढचं सगळं मी कडू तोंडानं पाहिलं. २०१७ मध्ये लीगमध्ये १० गोल. २०१८ च्या जानेवारीअखेर मँचेस्टर सिटी. न्यूयॉर्क आणि मँचेस्टर एकाच मालकाची दोन घरं. याच समूहानं २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटीतही मोठा हिस्सा घेतला, तेव्हा मला उगाच सोयरीक जुळल्यासारखं वाटलं होतं. सिटीसाठी तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. आधी मिडल्सब्रो, मग लीड्स, सगळं उसनवारीवर. प्रशिक्षक बिएल्सांनी तिथे त्याला पळवून पळवून घोटीव केला. २०२० मध्ये लीड्स सोळा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतलं. २०२२ च्या जानेवारीत वेस्ट हॅमच्या मैदानावर जाऊन त्यानं तीन गोल ठोकले. प्रत्येक वेळी मी फायरच्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर लिंक टाकायचो आणि खाली कुणीतरी रडका चेहरा टाकायचं. हे आमचं व्रतच होतं म्हणा ना. वाण कुणाकडे गेलं ते बघत बसायचं.

खरं सांगायचं तर फायरवर आम्ही अन्यायच केला. नवा जनरल मॅनेजर, नवा प्रशिक्षक, पडझड झालेलं घर. एकोणीस वर्षांच्या एका पोरानं ते सावरलं नसतं. त्यांना पैसा आणि खेळायला तयार असलेली माणसं हवी होती. एक वर्ष आणखी रखडलं, पण २०१७ च्या सुरुवातीला तशाच अॅलोकेशन मनीच्या व्यवहारातून रेड बुल्सचा कप्तान डॅक्स मॅककार्टी आला, मग श्वाइनश्टायगर आला, निकोलिचनं २४ गोल मारून लीगमधला सर्वाधिक गोलांचा मान घेतला, आणि आम्ही सबंध लीगमध्ये तिसरे आलो. त्या उन्हाळ्यात ब्रिजव्ह्यूला जाताना हार्लेम अॅव्हेन्यूवर गाड्यांची रांग लागायची. खिडक्या खाली, कुणाच्या गाडीतून अरबी गाणी, कुणाच्या गाडीतून स्पॅनिश. पार्किंगमध्ये कोळशावर मांस भाजल्याचा धूर, आणि आमच्या गाडीत डब्यातली थालीपिठं. शेवटी प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात त्याच रेड बुल्सनी आम्हाला घरच्या मैदानावर ०-४ नं धुतलं, ते सोडा.

आमच्या खुर्च्या डाव्या टचलाइनला लागून होत्या. म्हणजे एका डावात ब्रँडन व्हिन्सेंट अगदी आमच्या पुढ्यात खेळायचा. टीव्हीवर फुटबॉल वरून दिसतो, पटावरच्या सोंगट्यांसारखा. खाली बसल्यावर ऐकू येतो. बॉल अंगावर आपटल्याचा ओला आवाज, श्वास, "मॅन ऑन!" अशी हाक. डाव्या बॅकचं काम म्हणजे एका पट्टीत चाळीस वेळा वर जायचं आणि एकेचाळीस वेळा धावत परत यायचं. वर गेल्यावर पास मिळेलच असं नाही. परत यायला उशीर झाला तर मात्र गोल त्याच्या नावावर. स्टॅनफर्डनं २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं त्या संघातला हा पोरगा. इथे येऊन शेवटच्या क्रमांकाच्या संघात नव्वद नव्वद मिनिटं पळत होता. आमच्या मागच्या रांगेतला एक जण त्याची चूक झाली की दर वेळी ओरडायचा, "दॅट शुड हॅव बीन हॅरिसन!" आता हॅरिसन विंगर, हा बॅक. दोघांच्या जागाही एक नव्हेत. पण त्या माणसाला ते पटवणार कोण? आणि मी तरी कुठे पटवत होतो. मी हसायचो.

तीन हंगामांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, व्हिन्सेंटनं फुटबॉल सोडला. बातमी आली तेव्हा मी ती वाचून पुढे सरकवली. लिंक कुणाला पाठवली नाही.

मी हसायचो, हे कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर मी समजू शकलो असतो. मी कोल्हापूरचा आहे. आणि एक हंगाम मी स्वतः 'कुणीतरी' होतो.

कोल्हापूरबाहेरच्या लोकांना हे सांगून पटत नाही, की महाराष्ट्रात एक गाव असं आहे जिथे क्रिकेटइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, फुटबॉलवरून पेठापेठांत वाजतं. आमच्याकडे संघ म्हणजे तालीम नाहीतर तरुण मंडळ. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती आणि फुटबॉलचे बूट एकाच खुंटीखाली. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या दुपारी दोनला तापलेल्या असतात आणि तरी पेठच्या पेठ तिथे येऊन बसते. ड्राफ्ट, निवड, शेवटच्याला पहिलं ताट, असलं काही नाही. हंगामाआधी केएसएमध्ये (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमध्ये) खेळाडूंची नोंदणी होते, त्या दिवशी ज्याच्या फॉर्मवर सही झाली त्याचा तो. त्यामुळे नोंदणीच्या आदल्या आठवड्यात गावात जे चालतं त्यापुढे बाल्टिमोरचा तो सोहळा म्हणजे भजनी मंडळाची बैठक. कोण कुणाच्या घरी जेवायला गेला, कुणाला कुठल्या गल्लीत बघितलं, याच्या खबरा घेऊन पोरं सायकलवरून फिरत असायची.

आमच्या तालमीचा अकरा नंबर म्हणजे लेफ्ट आऊट. त्याचं नाव इथे नको. अजून गावात आहे, आणि आमचं बोलणं आहे. त्याच्या डाव्या पायात काय होतं ते सांगता येणार नाही. बॉल घेऊन तो लाईनीलगत निघाला की पायऱ्यांवरची माणसं बसल्या जागी त्याच्याबरोबर सरकायची. लहान पोरं चिखलात त्याच्यासारखी पडायला शिकायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी नोंदणीच्या दिवशी आमचे सेक्रेटरी फॉर्म घेऊन त्याच्या दारात गेले, तर दारात नवी कोरी बजाज एम-एटी उभी. सेक्रेटरी काही न बोलता परत आले. तालमीच्या कट्ट्यावर बसले, पान लावलं, आणि कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "गाडीला हार घातलाय. आता काय बोलायचं?"

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी एकोणीस वर्षांचा, राखीव पोरांतला. "डाव्यानं मारतोस न्हवं?" म्हणाले. मी म्हटलं, "मारतो की आण्णा." त्यांनी पेटीतून जर्सी काढून दिली. अकरा नंबरची, त्याचीच, धुतलेली. तरी तिला आयोडेक्सचा वास होता आणि खांद्याला ती मला सैल होती. घरी आईनं दोन्ही बाजूंनी टाके घालून दिले.

त्या हंगामात मी किती पळालो हे माझ्या गुडघ्यांना अजून आठवतं. पण पायऱ्यांवर एक तात्या बसायचे, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात शेंगांची पुडी. मी बॉल घेऊन निघालो की सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं म्हणायचे, "त्यो असता तर!" एवढंच. पुढचं वाक्य नाही. मी चुकलो की "त्यो असता तर." मी बरोबर पास दिला तरीही, जरा खालच्या पट्टीत, "त्यो असता तर." सगळे हसायचे. आमच्याच पेठेतले, रोजच्या ओळखीचे, सकाळी दुधाच्या रांगेत "काय रे, गुडघा कसा हाय?" म्हणून विचारणारे. मी एक गोल मारला त्या हंगामात. कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या नडगीला लागून आत गेला. पोरांनी उचलून घेतलं. मी पायऱ्यांकडे बघितलं. तात्या शेंगा सोलत होते.

मला त्या माणसाचा राग कधी आला नाही, हे विचित्र वाटेल. मलाही तेच वाटत होतं ना! मी मैदानावर असतानाही मनातल्या मनात त्यालाच खेळताना बघायचो. आता तो आत वळला असता, आता त्यानं क्रॉस टाकला असता. जो निघून जातो त्याला चूक करायची सवडच मिळत नाही. त्याचा प्रत्येक न मारलेला फटका जाळ्यातच जातो. वास्तविक तो अकरा नंबर पलीकडच्या संघात गेल्यावर दोन हंगाम निम्मा वेळ बाकावर होता, घोटा गेला होता त्याचा. पण आमच्या पायऱ्यांवर तो रोज नव्वद मिनिटं खेळायचा, माझ्या जर्सीत.

पुढच्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तालमीला नवा पोरगा मिळाला, जर्सी परत दिली. टाके आईनं उसवून दिले होते.

या डिसेंबरात कोल्हापूरला गेलो होतो. हंगाम नुकताच सुरू झालेला. मुलगा बरोबर होता, आता माझ्यापेक्षा अर्धा फूट उंच. सकाळी मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढून झालं होतं, दुपारी त्याला शाहू स्टेडियमवर नेला. पायऱ्या तशाच गरम. हलगी, घोषणा, कागदाचे कपटे. आता वर ड्रोन पण फिरतो, आणि पोरांच्या हातात सामना थेट दाखवणारे मोबाइल. आमच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते तात्या नव्हेत. तात्या जाऊन वर्षं झाली. दोनदा मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू त्योच न्हवं? त्याच्या जागी खेळल्याला?"

"होय," मी म्हटलं. "मीच."

"बरोबर. नाव ध्यानात न्हाई बघ."

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे नावानं काही उजेड पडला नव्हता. मग एकदम उजळून म्हणाले, "नडगीनं गोल मारलावतास!" मुलानं मला कोपरानं ढोसलं. तीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यात माझी नडगी शाबूत होती, नाव नव्हतं. मला हसू आलं आणि घशाशी काहीतरी आलंही. दोन्ही एकदम. सामना संपेपर्यंत ते पुन्हा वळले नाहीत, पण जाताना शेंगांची पुडी पुढे केली.

रात्री मुलानं विचारलं, की त्या अकरा नंबरचं पुढे काय झालं. मी म्हटलं, त्याचं टायरचं दुकान आहे, उद्या जाऊ या. गेलोही. त्यानं चहा मागवला, पोराला जवळ बसवून घेतलं, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझ्या बापानं माझी जर्सी फाडली नाही, एवढं मात्र खरं." एम-एटीचं विचारलं तर म्हणाला, "तिचं इंजिन चार महिन्यांत बसलं." आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

हॅरिसनचं म्हणाल तर, लीड्स त्यापुढच्या वर्षी खाली गेलंच. तो मग एव्हर्टनला दोन हंगाम उसनवार. ब्रेंटफर्डच्या त्या गोलानं एक वर्ष मिळालं होतं, बस. मी आता लिंका पाठवत नाही. गटही थंडावलाय. फायर सोल्जर फील्डला गेलं, आमच्या ब्रिजव्ह्यूच्या त्या खुर्च्या गेल्या, आणि ड्राफ्टला पूर्वीचा थाट राहिला नाही. संघ आपापल्या अकादमीत पोरं वाढवतात.

परतल्यावर जानेवारीत सलूनला गेलो. बाहेर बर्फ, आत हीटरची ऊब आणि लिंबाच्या कोलोनचा वास. टीव्हीवर कुठला तरी सामना होता, कुणाचा ते आता आठवत नाही. कापड बांधताना मी म्हटलं, "ब्रँडन व्हिन्सेंट."

"कोण?"

"तुम्ही विचारलं होतं, बदल्यात कोण मिळालं. तो डावा बॅक."

मी काय बोलतोय ते त्याला आठवायचं काही कारण नव्हतं. एवढी वर्षं झाली, एवढी डोकी झाली. तरी तो गिऱ्हाइकाचं मन मोडणारा नव्हे. कंगवा ओला करत म्हणाला, "चांगला होता का?"

"सांगतो," मी म्हटलं, आणि ब्रिजव्ह्यूची ती टचलाइन दाखवायला हात कापडाबाहेर काढला. त्यानं दोन बोटांनी माझं डोकं धरून सरळ केलं.

"सांगा. पण हलू नका."